मधलं माप

भाईदास शिंप्याने गळ्यातली फीत काढून ‘हात वर कर’ म्हटलं, तेव्हा चुडामणने हात वर केले खरे, पण पोलिसाने सांगितल्यावर करतात तसे. पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाचं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं. धोतराला माप नसतं. बंडी बाजारातून आणायची, अंगात गेली की ती आपली. लग्नातसुद्धा त्याने थोरल्या भावाचा कोट घातला होता आणि त्याच्या कोरीट गावच्या लोकांनी तो भावाचा म्हणूनच ओळखला होता. माप घेतात ते नवरदेवाचं, नाहीतर फौजेत भरती होणाऱ्याचं. तिसऱ्या एकाचं घेतात, पण ते बांबूने. नंदुरबारच्या त्या कापसाच्या जिनात, भर हंगामात, कपाशीच्या ढिगाशेजारी उभं राहून आपण या तिघांतले कोण, हे चुडामणला ठरवता येईना.

“कसाले माप?” त्याने विचारलं.

“कापडंस्नं.”

“कापडं कोन दी ऱ्हायना?”

“सेठ.”

चुडामणचे हात खाली आले. बाहेर लढाई चालू होती. कापड रेशनवर मिळत होतं, आणि ज्याला मिळत होतं तो ते लपवून घरी नेत होता. मुली धुतलेलं एकुलतं लुगडं वाळेपर्यंत घरात बसून राहत होत्या. अशा दिवसांत जिनाचा मालक सेठ आपण होऊन यंत्राला तेल देणाऱ्या एका तेलवाल्याला कापड देतो, तेही शिवून, ही बातमी चुडामणला आनंदाची वाटेना. सेठला त्याने पुष्कळ वर्षं पाहिलं होतं. सेठ वाईट माणूस नव्हता. तो फक्त काही देत नव्हता, आणि ते लपवतही नव्हता. आजवर त्याने जिनातल्या माणसाच्या घरी कापड दिल्याचं चुडामणला एकदाच आठवत होतं. पांढरं, कोरं, चांगल्या पोताचं. ते हिलालच्या घरी गेलं होतं.

“हात वर, भाऊ,” भाईदास म्हणाला. “माले आखो दुकान उघडनं शे.”

“पन सेठना मनमा काय शे?”

“माले कापडं शिवता येतस. सेठनं मन उसवता येत नही.” शिंप्याने फीत खांद्यावरून मनगटापर्यंत ओढली आणि खडूने पाटीवर काहीतरी लिहिलं. मग सहज, दोऱ्याचं टोक दातात धरावं तसं बोलला, “सकायले त्या नवापूरवाला पोऱ्यानं माप लिन्हं. आते तुन्हं. सेठ सांगस, जोडी एकच शिव. दोन्हीस्नं मधलं माप काढ.”

नवापूरवाला म्हणजे शमुवेल. दसऱ्यानंतर तो कामावर आला होता. नवापूरकडच्या डोंगरातला, तिथल्या पाद्रीसाहेबाच्या पिठाच्या इंजिनवर दोन हंगाम काढलेला, काळासावळा, काठीसारखा सडपातळ पोरगा. सेठने त्याला चुडामणपुढे उभं केलं आणि म्हटलं होतं, “चुड्या, याला शिकव.” बस्स, एवढंच. कशासाठी शिकव, शिकल्यावर हा काय करील, आणि मुख्य म्हणजे हा ते करायला लागल्यावर चुड्या काय करील, यातलं काही सेठ बोलला नव्हता. ज्याला शिकवायचं त्याचंच माप आपल्यासोबत घेतलं जातंय आणि कपडे मात्र एकच, हे कळल्यावर चुडामणच्या डोक्यात सगळं एकदम जागच्या जागी बसलं; मापाने शिवलेली बंडी बसावी तसं. शिंप्याने फीत पोटाभोवती आणली. चुडामणने खोल श्वास घेतला, छाती पुढे काढली आणि पोट जितकं फुगवता येईल तितकं फुगवलं. लहानपणी तापीकाठी बेडूक पाहिले होते, ते कामाला आले. त्या पोऱ्याच्या अंगाला हे कपडे बसताच कामा नयेत. भाईदासने फितीकडे पाहिलं, मग चुडामणच्या तोंडाकडे पाहिलं. लढाईच्या दिवसांत ज्याच्या घरात खायला आहे त्याच्याकडे लोक पाहत, तसं.

त्या दिवशी भुयारात उतरताना त्याला पायऱ्यांची जाणीव झाली. एरवी होत नसे. जिनाच्या जमिनीखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक अरुंद भुयार होतं आणि त्यातून एक लांबलचक लोखंडी दांडा फिरत असे. वर बायका सरकी काढणाऱ्या जिनांसमोर बसून कपाशी घालत. खालच्या दांड्यावरून पट्टे वर जात आणि त्यांच्या जोरावर जिनं फिरत. वर उजेड, बोलणं, बायकांची भांडणं आणि पांढरा कापूस; खाली अंधार, तेल आणि घरघर. दांडा जिथे जिथे आधारावर टेकला होता तिथे झारीने तेल सोडायचं, हे चुडामणचं काम. इंजिन दुपारच्या सुट्टीत थांबायचं, तेव्हाही हे करता आलं असतं. पण चालत्या दांड्याला तेल चांगलं मुरतं असं सेठचं मत होतं. सेठ स्वतः कधी खाली उतरला नव्हता, त्यामुळे ते मत कधी बदललं नाही. तिसऱ्या आधारापाशी दांड्यावर एक मोठं चाक होतं, आणि ते चाक जागेवर धरून ठेवणारी लोखंडी पाचर अंगठ्याएवढी बाहेर आली होती. फिरताना ती दिसत नसे. दांडा तिथे जरा धुरकट दिसे, एवढंच. त्या धुरकटपणाने हिलालला नेलं होतं.

हिलाल त्याच्या आधीचा तेलवाला. चुडामण तेव्हा कामासाठी जिनाच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि उभं राहून परत कोरीटला जायचा. शेवटी सेठने त्याला हिलालच्या हाताखाली रोजंदारीवर दिलं. हिलालने शिकवलं म्हणजे काय, तर झारी धरायला दिली आणि आईबहिणीवरून शिव्या दिल्या. कोणत्या आधाराला किती तेल, हे त्याने कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, “माले कोनी सांगं व्हतं?” चुडामणला तेव्हा त्याचा राग यायचा. दसऱ्याला जिनात यंत्राची पूजा होते. सगळ्यात जुन्या माणसाने नवं धोतर नेसून दांड्याला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मग इंजिन सुरू करायचं. त्या दसऱ्याला हिलालने नवं धोतर नेसलं. खळ असलेलं, फडफडणारं. नारळ फुटला, इंजिन सुरू झालं, आणि हिलाल प्रसाद खाऊन तसाच तेल द्यायला खाली उतरला. धोतराचं टोक पाचरीत सापडलं. वर बायकांना काही कळलंच नाही. जिनं जरा अडखळली आणि पुन्हा चालू झाली, त्या म्हणाल्या. त्या दिवशी मात्र सेठने इंजिन थांबवलं. संध्याकाळपर्यंत थांबवलं. हिलालच्या बायकोला, भिकुबाईला, कोरं पांढरं कापड पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या चुडामणला आत बोलावून म्हटलं, “तुला येतं ना रे?” चुडामण ‘येतं’ म्हणाला. अशी त्याला कायमची नोकरी लागली. छबूबाईने, त्याच्या बायकोने, गूळ वाटला.

पाचरीचं काहीतरी करा, असं त्याने पहिल्याच आठवड्यात सेठला सांगितलं होतं. हंगाम संपू दे, मग बघू, असं सेठ म्हणाला. हंगाम संपला. मग दुसरा संपला. चुडामणने धोतर गुडघ्याच्या वर कसून लंगोटासारखं नेसायला सुरुवात केली, बंडीचा खिसा तोंडाशी शिवून टाकला कारण तो फुगायचा, आणि तिसऱ्या आधाराशी भिंतीला पाठ घासत जायची सवय लावून घेतली. जिनात नवं कापड घालायचं त्याने सोडलं. असे बरेच हंगाम गेल्यावर त्याच्या लक्षात एक गंमत आली. शिकायला म्हणून अधूनमधून कोणी ना कोणी यायचा. धानोऱ्याचा एक आला, तळोद्याकडचा एक आला. ते तिसऱ्या आधारापर्यंत यायचे, एकदा तिथली हवा अंगाला लागली की दुसऱ्या दिवशी घरी आईची तब्येत बिघडायची. चुडामण तसाच राहायचा. ज्या पाचरीने हिलालची जागा रिकामी केली, तीच आता त्याची जागा धरून होती. यावर त्याने फार विचार केला नाही. विचार करण्यासारखा तो विषयच नव्हता; पाचर सेठची, दांडा सेठचा, बघतो म्हणालेला सेठच. रात्री कधी कूस बदलताना मात्र वाटून जाई की दुपारी इंजिन थांबलेलं असताना करवत घेऊन खाली गेलो असतो तर किती वेळ लागला असता? आणि मग तो दुसऱ्या कुशीवर वळे.

शमुवेलच्या आईची तब्येत बिघडली नाही. याचाच चुडामणला संशय आला. पोरगा सकाळी त्याच्या आधी येऊन झारी भरून ठेवायचा. ‘नाना’ म्हणायचा. डबा उघडला की आधी अर्धी भाकरी याच्या पुढे सरकवायचा, म्हणायचा, “रेवाबाईना हातनी शे, नाना. मन्ही माय. खा.” आईला नावाने कोण बोलतं? आणि मालकाने आणलेला माणूस कोणाला उगाच भाकरी देतो का? चुडामण ती भाकरी खायचा, पण प्रत्येक घासाला हा आपल्याकडून काय काढून घेतोय याचा हिशेब करत. शिकवताना तो हिलालसारखा वागला नाही. शिव्या दिल्या नाहीत. पहिल्या आधाराला किती तेल, दुसऱ्याला किती, पट्टा सुटायला आला की कसा कुरकुरतो, सगळं सांगितलं. तिसऱ्यापाशी आला की म्हणायचा, “हाई मी करस. तू पुढला आधार पाह.” पोरगा निमूट बघायचा. “कसाले, नाना?” असं त्याने एकदासुद्धा विचारलं नाही. जो विचारत नाही, त्याला आधीच काहीतरी माहीत असतं, असा चुडामणचा अनुभव होता. शिवाय तो दर रविवारी अर्धा दिवस प्रार्थनेला जायचा आणि सेठ जाऊ द्यायचा. सेठ आणि जाऊ देतो! घरी हे सांगितल्यावर छबूबाई म्हणाली, “मंग तुमीबी जा ना प्रार्थनाले.” त्या दिवसापासून चुडामणला तिचाही थोडा संशय यायला लागला.

कपडे आले ते साहेब यायच्या आदल्या दिवशी. धुळ्याहून कारखाने तपासायला साहेब येणार होते. त्यांचं म्हणणं, फिरत्या दांड्याजवळ जाणारा माणूस शिकवलेला असला पाहिजे आणि त्याच्या अंगावर घट्ट कपडे असले पाहिजेत, ते मालकाने दिलेले. म्हणजे वीस-पंचवीस हंगामांनी सेठला कापड देण्याची बुद्धी का झाली, हे उघड झालं. एखाद्याचं समाधान झालं असतं. चुडामणला वाटलं, इतकं सरळ कारण असतं तर सेठने ते इतक्या सरळ सांगितलं नसतं. खाकी चड्डी, खाकी बंडी. सेठने गादीवरून ती उचलली, चुडामणकडे पाहिलं, शमुवेलकडे पाहिलं आणि कपडे शमुवेलच्या हातात दिले. “उद्या साहेबासमोर तू उतर. चुड्याने शिकवलं, असं सांग.”

चुडामणला जे कळायचं होतं ते कळलं. त्याला वाईट वाटेल अशी त्याची अपेक्षा होती, पण पहिल्यांदा वाटलं ते बरंच. आपला संशय खरा ठरला की माणसाला जरा मोठं झाल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बुटांना पॉलिश होतं, म्हणून भुयाराच्या तोंडाशी, वरच्या पायरीवर उभे राहिले. सेठ त्यांच्या शेजारी हात जोडून. खाली दांडा घरघरत होता. शमुवेल नव्या कपड्यांत आला आणि पायरीशी थांबून हळूच म्हणाला, “नाना, कसं दिसस?”

बंडी त्याच्या अंगावर धुणं वाळत घातल्यासारखी दिसत होती. काखेखाली, कमरेशी, पाठीवर कापडच कापड. पट्ट्यांच्या वाऱ्याने ते फुगत होतं, खाली बसत होतं, पुन्हा फुगत होतं, श्वास घेतल्यासारखं. चुडामण त्याकडे पाहत राहिला. तो श्वास त्याच्या ओळखीचा होता. ते त्याचंच पोट होतं. शिंप्यासमोर त्याने जे फुगवलं, ते जसंच्या तसं खाकीत शिवून त्या पोराच्या पाठीवर बसवलेलं. आणि कोऱ्या कापडाचा वास आला. खळीचा. दसऱ्याच्या नारळाचं पाणी, कुंकू, आणि तो वास. हिलाल प्रसादाचं खोबरं चावत खाली उतरला होता, वळून काहीतरी म्हणालाही होता, काय ते चुडामणला कधीच आठवलं नाही. त्या वेळी सेठचं कापड नंतर आलं होतं. या वेळी ते आधी आलं होतं, एवढाच फरक.

“बेस,” तो म्हणाला.

शमुवेल खाली उतरला. पहिल्या आधाराशी वाकला, तेल सोडलं. दुसऱ्याशी. वरून साहेबांचा आवाज आला, “छान, छान.” चुडामणला वाटलं, आपण इंजिन थांबवा म्हणून ओरडावं. पण इंजिन सेठच्या हुकुमाने थांबतं. साहेबासमोर थांबलं तर का थांबलं ते सांगावं लागेल. ते सांगितलं तर पाचर सांगावी लागेल. पाचर सांगितली तर इतकी वर्षं काय केलंस, हे सांगावं लागेल. एकाला दुसरा पट्टा लागलेला, दुसऱ्याला तिसरा. हे सगळं मनात फिरत असतानाच त्याच्या लक्षात आलं की आपण भुयारात आहोत. पाय आधीच उतरले होते. त्याने पोराला मागून गाठलं आणि पाठीवरचं सगळं सैल कापड दोन्ही मुठींत गोळा करून घट्ट धरलं. बंडी पुढून अंगाला चिकटली. गर्दीच्या बाजारात लहान मूल आईच्या लुगड्याला धरून चालतं, तसे ते दोघे तिसऱ्या आधाराकडे सरकले.

“पोऱ्या,” तो त्याच्या कानाशी ओरडला, “अठे पाचर शे! बाहेर येल शे! भितडाले घस!”

“माहीत शे, नाना!” शमुवेल मान न वळवता ओरडला. “अठे येताच तुमी रोज पोट आत लेतस! मी पाही ऱ्हायनू!”

“मंग बोलना का नही?”

“तुमी का नही बोलनात?”

दांडा घरघरत होता. दोघे भिंतीला पाठ लावून पुढे गेले. पोराने वाकून तेल सोडलं. चुडामणच्या मुठींना जाणवलं की या पोराच्या पाठीची हाडं थरथरताहेत. तो इतके दिवस विचारत नव्हता ते सगळं माहीत होतं म्हणून नव्हे. म्हाताऱ्याने सांगितलेलं खरं असेल की आपल्याला मारायला सांगितलेलं, हे त्याला ठरवता येत नव्हतं म्हणून. अर्ध्या भाकरीचा अर्थ आता कुठे लागला. ती लाच होती. जीव वाचवायला दिलेली.

वर आल्यावर साहेब म्हणाले, “शिक्षण उत्तम आहे. पण दोन माणसं का लागतात? आणि कपडे घट्ट हवेत.” ते सुटीवर निघाले होते; परत येताना पुन्हा बघतो म्हणाले आणि गाडीच्या वेळेला निघून गेले. पाचरीबद्दल कोणी विचारलं नाही. फिरताना ती दिसतच नाही.

सेठने लगेच भाईदासला बोलावलं. शिंप्याने पुन्हा फीत टाकली. चुडामणला फुगवायची सवय लागली होती की काय कोण जाणे, पोट आपोआप पुढे येऊ लागलं. त्याने श्वास सोडून दिला. सगळा. भाईदासने फीत पाहिली, पाटी पाहिली.

“मागला येळले हाई पोट कोनं व्हतं रे?”

“उसनं आनेल व्हतं.”

“नवापूरवाल्यानं माप नि तुन्हं माप एकच शे. मधलं काढानी गरज नही.”

चुडामणने आयुष्यात सेठकडे काही मागितलं नव्हतं. हंगाम संपू दे हे उत्तर त्याला पाठ होतं, त्यामुळे मागायची वेळच यायची नाही. आता जीभ आपोआप वळली. “सेठ, दोन जोड्या शिवा. त्याले एक, माले एक.” दोन जोड्या म्हणजे दोन माणसं. दोन नोकऱ्या. एवढी साधी गोष्ट.

सेठने वरही पाहिलं नाही. “शिव रे दोन,” तो भाईदासला म्हणाला. “दोन बरे. एकावर भरवसा ठेवून चालत नाही. मागे एकदा एक दिवस जिन बंद ठेवावं लागलं होतं.”

इतकं सोपं होतं! चुडामण जागेवरच उभा राहिला. नोकरी राहिली होती. आनंद व्हायला हवा होता आणि तो कुठून तरी येतही असावा, पण वाटेत त्या वाक्याने त्याला अडवलं. दोन बरे. हिलाल एकटा होता म्हणून एक दिवस गेला. आता दिवस जाणार नाही. एकाचं कापड दुसऱ्याला तंतोतंत बसेल.

दुपारी इंजिन थांबलं. वर बायका भाकऱ्या सोडून बसल्या. भुयारात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू आला. थांबलेली पाचर अगदी किरकोळ दिसत होती. काळी, तेलकट, म्हाताऱ्याच्या अंगठ्यासारखी. शमुवेल तिच्याकडे बघत होता.

“कापी टाकूत, नाना?”

“सेठले इचारनं पडी.”

शमुवेलने त्याच्या हाताकडे पाहिलं. चुडामणने कंदील वर धरला, आणि मग आपण दुसऱ्या हातात करवत घेऊन उतरलो आहोत, हे त्याच्याही लक्षात आलं. लोखंड कर्कश ओरडलं. त्याला वाटलं होतं फार वेळ लागेल. वरच्या बायकांच्या भाकऱ्यासुद्धा संपल्या नव्हत्या. कापलेला तुकडा खाली पडायच्या आत त्याने झेलला; गरम होता. इतके हंगाम जागा धरून बसलेली वस्तू एवढीशी. ती गेल्यावर तेलवाल्याचं काम कोणालाही येण्यासारखं झालं होतं.

बंडीचा खिसा त्यानेच कधीचा शिवून टाकला होता, म्हणून तुकडा मुठीत धरून तो वर आला. तो कुठे न्यायचा हे ठरलं नव्हतं. भिकुबाईकडे न्यावा असं एकदा वाटलं. मग, नेऊन काय सांगायचं, असं वाटलं. गादीवरून सेठ बघत होता. माणूस मूठ बंद करून फाटकाकडे निघाला की सेठला ते लांबूनही दिसायचं.

“हातात काय आहे रे, चुड्या?”

चुडामण जवळ गेला आणि त्याने मूठ उघडली. सेठ जरा वाकला. लोखंड ओळखीचं वाटलं नाही, तेव्हा त्याने तुकडा दोन बोटांनी उचलून वजन पाहिलं.

“जिनाचं लोखंड आहे हे,” सेठ म्हणाला. “भावात आहे सध्या. ठेव इथं.”

चुडामणने ते पांढऱ्या गादीवर ठेवलं आणि उभा राहिला. इंजिन सुरू झालं. तुकड्याभोवती तेलाचा डाग पडला होता आणि तो चादरीवर हळूहळू मोठा होत सेठच्या धोतराच्या टोकाकडे सरकत होता. चुडामणने ते पाहिलं. सांगावं की नाही, याचा त्याने जरा वेळ विचार केला.